उंच वळणी

मद्रासहून परत आले तेव्हा माझा उजवा हात जागच्या जागी होता, पण कामाचा राहिला नव्हता. बोटं हलायची, कोपर वाकायचं. खांद्याच्या वर न्यायला गेलं की मात्र काखेत कुणीतरी दोरी आवळल्यासारखं व्हायचं आणि हात तिथेच अडायचा. त्या बाजूचा स्तन काढला होता, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. मग कितीतरी दिवस त्या जागेवर करंट दिला. क्ष-किरणांना आमच्या वॉर्डात सगळ्याजणी करंटच म्हणत. कातडी काळवंडली, खरखरीत झाली. निघताना मोठे डॉक्टर माझ्या डोक्यावरून माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ऑपरेशन छान झालंय. सहा महिन्यांनी दाखवायला आणा." दाखवायला आणा! मी जणू दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ. या हाताने रांधायचं की नाही, पाणी शेंदायचं की नाही, केस विंचरायचे कसे, यातलं त्यांनी काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. जीव वाचवला होता त्यांनी. त्यावर आणखी हाताचं काय विचारायचं, असं वाटलं.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. कुंभकोणमला आमच्या गल्लीत त्या रोगाचं नाव कुणी तोंडाने घेत नसे, 'मद्रासचं दुखणं' म्हणत. बाया भेटायला यायच्या, केळी आणायच्या, रस्त्याकडच्या ओट्यावर टेकायच्या. बोलता बोलता नजर माझ्या पदरावर यायची, मग घाईघाईने तुळयांकडे जायची. एकजण तर माझ्या मागल्या जन्मीच्या पापांची चौकशी करायला लागली. मी तिला विचारलं, "तुमचे गुडघे दुखतात ते कुठल्या जन्माचं?" ती पुन्हा आली नाही, आणि तिच्यामागोमाग बाकीच्याही यायच्या थांबल्या. बरं झालं, ब्याद गेली, असं मी म्हटलं. आणि संध्याकाळ झाली की दारात बसून त्यांचीच वाट पाहिली.

आमचं वैष्णव मराठी घर. मराठ्यांच्या राज्यात पूर्वज या मुलखात आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. घरात माणसं तीनच: मी, हे आणि सासूबाई. मूल नव्हतं. हे कोर्टात कारकून. उंच, शिडशिडीत, प्रत्येक दाराला कपाळ आपटून घेणारे. सासूबाई त्यांच्या खांद्यालाही येत नसत. तरुणपणीच विधवा झालेल्या, आणि सोवळ्यात इतक्या कडक की वाऱ्याने उडालेलं वाळकं पान अंगाला लागलं तरी पुन्हा विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्या मला नुसतं 'अगे' म्हणायच्या. इतक्या वर्षांत आम्ही दोघी भांडलो नव्हतो आणि कधी हसलोही नव्हतो.

मद्रासहून आले त्या दिवशी माझी गादी पुढच्या खोलीत घातलेली होती. वेगळं ताट, वेगळा लोटा. आत्याबाई वाढलेलं ताट उंबऱ्यावर ठेवायच्या आणि मागे सरायच्या.

"अंगांत जोर येऊं दे, मग पाहूं," म्हणाल्या.

गावातल्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि हाताला विश्रांती द्यायला सांगितली. मग तिरुवलंचुळीकडचे एक वैद्य आले. त्यांनी नाडी धरली, वात आहे म्हणाले, तेल दिलं आणि हात गळ्यात झोळीसारखा बांधून ठेवायला लावला. एकाची गोळी दुसऱ्याला चालत नव्हती, पण हात हलवायचा नाही यावर दोघांचं एकमत. घरच्यांनी ते अगदी मनावर घेतलं. मी लोटा उचलायला वाकले की हे धावत यायचे, "ठेव, ठेव, मी देतों." एवढे लाड लग्न झाल्यावर कधी झाले नव्हते. त्या लाडांतच माझा खांदा आखडून गेला. मनगट सुजलं, बांगड्या रुतायला लागल्या. केसांची गाठ मला मारता येईना आणि ह्यांना कसली येणार! एक पेड मागे मोकळा सोडून मी दिवसचे दिवस बसून असायचे.

शेवटी एकदा न राहवून मी मागच्या पडवीच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. आत्याबाई विहिरीवरून धुतलेली साडी घेऊन येत होत्या.

"आत्याबाई, मी आंत कधीं येऊं?"

त्या थांबल्या. मग मानेनेच वर दाखवलं. "आपली साडी आपण वर घालशील त्या दिवशीं ये. तोंवर पुढेंच बस."

वर म्हणजे सोवळ्याच्या वळणीवर. पडवीच्या तुळईला काथ्याच्या दोऱ्यांनी टांगलेला तो लांब बांबू. नऊवारी साडी विहिरीवर धुवायची, पिळायची, काठीच्या टोकावर घेऊन वर बांबूवर टाकायची आणि काठीनेच पसरायची. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून काठीनेच उतरवायची, नेसायची, आणि मग चुलीपाशी जायचं. बांबू मुद्दाम उंच, येणाजाणाऱ्याचं डोकं लागू नये म्हणून. जिला चूल हाताळायची तिने आपलं सोवळं आपणच वर घालायचं, आणि उजव्या हाताने, हा आमच्या घरचा दंडक. तो मोडलेला मी पाहिला नव्हता.

मी पुढच्या खोलीत येऊन भिंतीला टेकून बसले आणि मला रडू आलं. त्या घरात मला मूल नव्हतं, पण चूल होती. माझ्या हातचं सांबार ह्यांना लागायचं, पापड मी लाटायचे, सणाच्या पुरणाची कणीक माझ्याशिवाय कुणी मळत नव्हतं. ते सगळं गेलं तर मी त्या घरात कोण? पाहुणीच, आणि तीही परत न जाणारी. मरायचं नव्हतं म्हणून मद्रासला गेले होते. हे असं जगायला गेले नव्हते.

तेव्हा मला वॉर्डातली सिलोनवाली आठवली. माझ्या शेजारच्या खाटेवर होती. तमिळ ख्रिस्ती बाई, कोलंबोला शाळेत शिकवायची. तिची एक बाजू तिकडेच काढलेली, आणि दुसऱ्या बाजूला गाठ आली म्हणून माहेरी मद्रासला आलेली. ती सांगायची, तिकडच्या इस्पितळात ऑपरेशन झालं की रोज एक नर्स येऊन बायकांना भिंतीसमोर उभी करते. बोटं भिंतीवर टेकायची आणि मुंगीसारखी वर चालवायची. दुखलं की थांबायचं, श्वास घ्यायचा, आणखी थोडं वर. ती स्वतः मद्रासच्या वॉर्डातही हे करायची आणि इथल्या नर्सा तिला दटावून खाटेवर झोपवायच्या. तोच रोग, तेच ऑपरेशन. समुद्राच्या एका काठाला बाईला उभी करतात आणि दुसऱ्या काठाला निजवून ठेवतात. मला म्हणाली होती, "तूही कर, नाहीतर हात गमावून बसशील." मी म्हटलं होतं, आमच्या डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नाही. केवढी शहाणी मी!

तिने मला चोळीच्या आत घालायची एक छोटी पिशवीही शिवून दिली होती, मोहरी भरून. अंग दोन्ही बाजूंनी सारखं तोललं जातं, नाहीतर पाठ वाकते, असं तिचं म्हणणं. एकदा मी ती पिशवी न उसवताच धुतली आणि घातली. कुंभकोणमचा उन्हाळा, अंगाला घामाच्या धारा. दोन दिवसांनी पाहते तर मोहरीला मोड आलेले. मी एकटीच पोट धरून हसले. ही गंमत त्या सिलोनवालीलाच सांगण्यासारखी होती, आणि तिचा पत्ता मी घेतला नव्हता. तिचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पुढच्या खोलीचं दार लोटून घ्यायला लागले. गळ्यातली झोळी सोडायची, चुन्याच्या भिंतीसमोर उभं राहायचं, आणि बोटं चालवायची. पहिल्या दिवशी हात छातीपर्यंतही गेला नाही. डोळ्यांतून पाणी आलं, वैद्यबुवांच्या वाताला मी चार शिव्या दिल्या. जिथवर हात पोचला तिथे कुंकवाची बारीक टिकली लावून ठेवली. रोज एक टिकली, कधी जुनीच्या वर, कधी जुनीवरच. एकदा ह्यांचं लक्ष गेलं.

"अगे, भिंतीवर येवढे ढेंकूण मारलेस?"

"हो," मी म्हटलं. "अजून आहेत. तुम्ही आपल्या खोलींतच निजा."

ते खरंच तिकडेच निजत होते. काय बोलावं हे त्यांना कळत नसे, आणि माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज मयताच्या घरी बोलावं तसा खाली यायचा. वाईट मनाचे नव्हते; घाबरलेले होते. पण घाबरलेल्या माणसाची सोबत होत नाही. दिवसभरात माझ्या सगळ्यात जवळ असायची ती भिंतच. चुन्याचा वास अजूनही नाकाला लागला की मला ती खोली आठवते आणि एकटं वाटतं.

टिकल्या हळूहळू चढत गेल्या. खांद्याशी आल्या, कानाशी आल्या, डोक्याच्या जरा वर गेल्या आणि तिथे थांबल्या. मग कितीही ओढलं तरी पुढे सरकेनात. त्याच सुमाराला मी वळणीचीही परीक्षा घ्यायला लागले होते. दुपारी आत्याबाई पोथी घेऊन आडव्या झाल्या की मी ओला पंचा काठीवर घेऊन पडवीत जायचे. पंचा बांबूच्या खालीच घसरायचा, पाणी डोक्यावर गळायचं. मी तो उचलायचे, ओली फरशी पुसायचे आणि परत पुढे. पण काही आठवड्यांनी एक दिवस पंचा बांबूवर गेला. मग जुनं लुगडं गेलं, अर्धं का होईना. भिंतीवरची टिकली जागची हलत नव्हती, वळणी मात्र हाताला येत होती. मला वाटलं, काठीची युक्ती साधली. स्वतःवर जाम खूश झाले.

नवरात्राच्या आधी एका सकाळी मी अंघोळ केली, विहिरीवर साडी धुतली, आणि आत्याबाईंच्या देखत ती वर घातली. खांदा फाटतोय असं वाटलं, पण साडी बांबूवर बसली आणि मी ती काठीने पसरलीसुद्धा. त्यांनी पाहिलं. शाबास नाही, बरं झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी ती साडी नेसून आले तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारातून नुसत्या बाजूला झाल्या. आत फोडणीचा, कढीलिंबाचा वास होता. मी विळीवर बसले आणि भेंडी चिरायला घेतली. कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घालून रडले.

आता सगळं नीट होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आधी आत्याबाई सकाळी एकदा साडी धुवायच्या. आता भर दुपारी, वाळत आलेली साडी वळणीवरून उतरवून त्या परत विहिरीवर जायला लागल्या. रोज नाही, पण आठवड्यातून कितीदा तरी. हे दुपारच्या सुट्टीत घरी आले की पडवीतून त्यांच्यावर ओरडणं ऐकू यायचं, "अरे, डोळे आहेत कीं नाहींत तुला?" मग दगडावर साडी आपटल्याचा आवाज. मी पुढच्या खोलीत पडून तो ऐकायचे. वळणीवर त्यांची साडी आणि माझी साडी शेजारी शेजारी असायच्या. माझी त्यांच्या साडीला लागते म्हणून त्या धुतात, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. दुखणं काठीवरून, बांबूवरून, ओल्या कापडातून चढतं असं त्यांना वाटत असणार. चुलीपाशी घेतलं, पण मनात घेतलं नाही. जेवतानाही माझं पान त्या अजून पुढच्या खोलीतच मांडायच्या, आणि स्वतः सगळं आवरल्यावर मागे एकट्या जेवायच्या. मला राग यायचा. त्याहून जास्त वाईट वाटायचं. पुढच्या खोलीत होते तेव्हा एकटी आहे हे निदान कबूल तरी होतं. आता एका चुलीपाशी दोघी बसायचो, आणि मी तेव्हाच्यापेक्षा एकटी होते. एकदा मी माझी साडी मुद्दाम बांबूच्या अगदी टोकाला, त्यांच्यापासून लांब घातली. त्यांनी ते पाहिलं. दुपारी परत धुणं आपटल्याचा आवाज आलाच.

पोंगलच्या आधी घराला चुना लावायची पद्धत. त्या वर्षीही रंगारी आला. पुढच्या खोलीतल्या माझ्या टिकल्यांवर त्याने कुंचला फिरवला आणि त्या गेल्या. मी उभी राहून पाहिलं. बरंही वाटलं आणि नाहीही. मग तो मागच्या पडवीत गेला, बांबू सोडून खाली घेतला, भिंती पांढऱ्या केल्या. परत बांधायची वेळ आली तेव्हा मी तिथेच माझी धुतलेली साडी पिळत उभी होते आणि आत्याबाई आत भाताला आधण ठेवत होत्या. रंगाऱ्याने दोऱ्या हातात घेतल्या आणि तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, जुन्या जागी बांधू, का या खालच्या गाठींना?"

"कसल्या खालच्या?"

त्याने दोरी माझ्यापुढे धरली. वर, तुळईपासून थोड्याच अंतरावर, वर्षानुवर्षं बांबू असायचा तिथे काथ्या काळा, गुळगुळीत झालेला होता. त्याखाली दोरीला नवा तुकडा जोडला होता, आणि त्यावर एकाखाली एक गाठी. एकदम नाही, थोडं थोडं करून कुणीतरी वळणी खाली आणली होती, चांगली हातभर. गाठ मी ओळखली. आत्याबाई देवासाठी तुळशीची माळ केळीच्या सोपाच्या दोऱ्याने गुंफायच्या आणि शेवटी दोन वेढे देऊन टोक आत खुपसायच्या. तीच गाठ. ह्यांच्या खांद्यालाही न येणारी ती बाई पाटावर पाट रचून चढली असणार, मी पुढच्या खोलीत भिंतीशी झटत होते तेव्हा.

आणि मग बाकीचं सगळं एकदम डोक्यात आलं. वळणी खाली आली, तसं ह्यांचं डोकं तिला लागायला लागलं. दुपारी कोर्टातून येऊन विहिरीवर पाय धुवायला जाताना, कितीदा तरी. ओवळं लागलं की सोवळं गेलं. म्हणून त्या दुपारी परत धूत होत्या. माझी साडी लागली म्हणून नाही. आपलं आयुष्यभर जपलेलं सोवळं त्यांनी माझ्या हाताच्या उंचीला आणून टांगलं होतं, आणि ते मोडलं की निमूट परत धूत होत्या.

रंगारी वाट पाहत होता. आत्याबाई दारात आल्या होत्या. आम्ही दोघी एकदमच बोललो. त्या म्हणाल्या, "खालीं," आणि मी म्हटलं, "वर."

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"वर," मी परत म्हटलं. "जुन्या जागीं."

त्याने बांधली आणि बादली उचलून निघून गेला. मला भयंकर राग आला होता. आपण जिंकलो म्हणून मिरवत होते, आणि कुणीतरी खाली घेऊन दिलं होतं! आणि त्याहूनही, इतके महिने मी ज्या एकटेपणात कुढत होते तो एका शब्दाने संपला असता.

"आत्याबाई, मला सांगायला काय झालें होतें?"

"सांगितलें असतें तर घातली असतीस?"

नसतीच घातली. हे त्यांना माहीत होतं, याचाही मला राग आला. मी साडी काठीवर घेतली आणि वर उचलली. टिकल्या थांबल्या होत्या तिथे हात थांबला. मी टाचा उंचावल्या, दात ओठ खाऊन ढकललं. साडी बांबूला चाटून घसरली आणि चुन्याने माखलेल्या फरशीवर पडली.

आत्याबाई पुढे आल्या. मला वाटलं, आता काठी घेतील आणि आपणच घालतील. त्यांनी साडी उचलली, विहिरीवर नेली, धुतली, पिळली आणि माझ्यासमोर दगडावर ठेवली.

"घाल परत."

दुसऱ्यांदाही पडली. त्यांनी परत धुतली. हसल्या नाहीत, हळहळल्या नाहीत, 'राहूं दे' म्हणाल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या, माझ्या खांद्याकडे बघत. त्या दुखण्याच्या जागेकडे सरळ पाहणारं घरात तोवर कुणी नव्हतं. पुढच्या खेपेला साडीचं एक टोक बांबूवर अडकलं आणि बाकी सगळी खाली लोंबत राहिली. वेडीवाकडी, पण जुन्या उंचीवर. मी काठी भिंतीला टेकली आणि खालीच बसले.

तेव्हा आम्हा दोघींना एकदम वास आला. भात करपला होता. त्या घरात तो कधी करपला नव्हता.

देवाला दूध-साखर दाखवली. हे सकाळीच दहीभात खाऊन कोर्टात गेले होते, त्या दुपारी येणार नव्हते; घरात आम्ही दोघीच. आत्याबाईंनी केळीची दोन पानं घेतली. माझं घेऊन त्या पुढच्या खोलीकडे जातील म्हणून मी दारातून बाजूला झाले. त्यांनी दोन्ही पानं तिथेच, चुलीपाशी, शेजारी शेजारी मांडली. पांढरा राहिलेला भात माझ्या पानावर वाढला आणि करपलेला सगळा स्वतःच्या पानावर घेतला.

त्यांनी दोन घास घेतले होते. मी उजवा हात लांब केला, त्यांच्या उष्ट्या पानातला निम्मा काळा भात उचलला आणि माझ्या पानात घातला. माझी बोटं त्यांच्या बोटांना लागली. वाळक्या पानाने विटाळणारी बाई. मी वाट पाहत राहिले की आता उठतील आणि विहिरीवर जातील. त्या उठल्या नाहीत. जेवत राहिल्या.